स्मार्टफोन आज्ञावलीचा आकसता खुलेपणा आणि पर्यायांचा शोध : ग्रामीण वापरकर्त्याच्या दृष्टीने एक चिकित्सा

१. प्रस्तावना

वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील धनज आणि आसपासचा परिसर हा मुख्यतः सोयाबीन, तूर आणि कपाशी पिकविणारा परिसर आहे. येथील शेतकऱ्याचा शासनाशी येणारा संबंध गेल्या काही वर्षांत झपाट्याने मोबाइलच्या पडद्यावर आला आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि सातबाऱ्यावरील पिकाची नोंद, जी पूर्वी तलाठी करीत असे, ती शेतकऱ्याने शेतात उभे राहून, छायाचित्रासह, स्वतःच्या स्मार्टफोनवरून करावी अशी व्यवस्था आली. या नोंदीवर पीकविमा, नुकसानभरपाई आणि हमीभावाने होणारी खरेदी अवलंबून असते. म्हणजेच स्मार्टफोन ही आता करमणुकीची वस्तू राहिलेली नाही. नांगर, फवारणी पंप यांप्रमाणे ते शेतीचे एक अवजार झाले आहे.

अवजाराबाबत एक प्रश्न नेहमी विचारला जातो, तो म्हणजे ते कोणाच्या मालकीचे आहे. फोन विकत घेणाऱ्याने त्याची पूर्ण किंमत मोजलेली असते. परंतु त्या फोनमध्ये कोणती आज्ञावली चालावी, ती कोठून घ्यावी, जुनी झाल्यावर ती बदलता यावी की नाही, हे ठरविण्याचा अधिकार त्याच्याकडे उरतो काय, हा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही. भारतात विकले जाणारे बहुसंख्य स्मार्टफोन अँड्रॉइड या कार्यप्रणालीवर चालतात आणि ती 'खुली' असल्याचे सर्वत्र सांगितले जाते. हा खुलेपणा गेल्या दीड दशकात कसा आकसत गेला, त्यावर भारतात कोणते पर्याय शोधले गेले आणि ते का टिकले नाहीत, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. केवळ नवी कार्यप्रणाली निर्माण केल्याने हा प्रश्न सुटत नाही, सार्वजनिक सेवांची रचना खुली झाल्याशिवाय कोणताही पर्याय तग धरू शकत नाही, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

२. 'खुलेपणा' या संज्ञेचे तीन अर्थ

संगणकाच्या क्षेत्रात या विचाराची परंपरा जुनी आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८५ मध्ये मुक्त आज्ञावलीचा पुरस्कार करणारी संस्था स्थापन केली. आज्ञावली चालविणे, तिचा अभ्यास करणे, तिच्यात बदल करणे आणि ती इतरांना देणे ही स्वातंत्र्ये वापरकर्त्याला असली पाहिजेत, हा त्या विचाराचा गाभा होता. १९९८ च्या सुमारास 'ओपन सोर्स' ही संज्ञा रूढ झाली. तिने नैतिक हक्कापेक्षा व्यावहारिक उपयुक्ततेवर भर दिला.

स्मार्टफोनच्या संदर्भात या खुलेपणाचे तीन स्तर वेगळे करणे आवश्यक आहे. पहिला स्तर संहितेचा. कार्यप्रणालीची मूळ संहिता प्रकाशित होते काय आणि ती कोणालाही वापरता येते काय, हा त्यातील प्रश्न आहे. दुसरा स्तर यंत्राचा. विकत घेतलेल्या फोनवरील मूळ कार्यप्रणाली काढून दुसरी बसविता येते काय, हे येथे पाहावे लागते. तिसरा स्तर वितरणाचा. एखादे अ‍ॅप कंपनीच्या दुकानाबाहेरून, कोणाचीही परवानगी न घेता फोनवर घेता येते काय, यावर तो ठरतो. या तीन स्तरांची गल्लत झाल्यामुळेच 'अँड्रॉइड खुले आहे' हे विधान एकाच वेळी खरेही ठरते आणि दिशाभूल करणारेही ठरते.

विदर्भातील शेतकऱ्याला हा भेद बियाण्याच्या उदाहरणावरून सहज समजू शकेल. सोयाबीनचे सरळ वाण घरी राखून पुढील हंगामात पेरता येते. संकरित बीटी कपाशीचे बियाणे मात्र दरवर्षी विकतच घ्यावे लागते. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ च्या कलम ३९ ने शेतातील बियाणे राखण्याचा, पेरण्याचा आणि देवाणघेवाणीचा शेतकऱ्याचा हक्क मान्य केला आहे. मात्र हा हक्क कायद्यात असूनही जेथे बियाण्याची रचनाच पुनर्वापराला प्रतिकूल असते, तेथे तो कागदावर राहतो. स्मार्टफोनच्या आज्ञावलीबाबत नेमके हेच घडले आहे. परवाना खुला राहिला, रचना बंद होत गेली.

३. अँड्रॉइडचा प्रवास : संहितेकडून सेवांकडे

गूगल कंपनीने २००५ मध्ये अँड्रॉइड ही छोटी कंपनी विकत घेतली. ५ नोव्हेंबर २००७ रोजी अनेक हँडसेट उत्पादक आणि दूरसंचार कंपन्यांना एकत्र आणून 'ओपन हँडसेट अलायन्स' जाहीर झाली आणि २००८ मध्ये पहिला अँड्रॉइड फोन बाजारात आला. त्याच्या तळाशी लिनक्सचे केंद्रक होते. वरच्या बहुतांश संहितेला अपाचे परवाना देण्यात आला. लिनक्सच्या परवान्यात सुधारित प्रत वितरित करणाऱ्यावर तिची संहिताही देण्याचे बंधन असते. अपाचे परवान्यात तसे बंधन नाही. त्यामुळे खुली संहिता घेऊन तिच्यावर बंदिस्त इमारत उभारण्याची मुभा आरंभापासूनच होती. ॲपलचा आयफोन तर पहिल्या दिवसापासून बंदिस्त होता, परंतु त्याने खुलेपणाचे आश्वासनही दिलेले नव्हते. अँड्रॉइडचे परीक्षण अधिक कठोरपणे करावे लागते ते याच कारणासाठी.

संहितेच्या स्तरावरील आकुंचन हळूहळू झाले. प्रारंभी कळफलक, दिनदर्शिका, संगीत, लघुसंदेश यांसारखी दैनंदिन अ‍ॅप खुल्या संहितेचा भाग होती. पुढे गूगलने त्यांच्या स्वतंत्र, बंदिस्त आवृत्त्या काढल्या आणि खुल्या आवृत्त्यांकडे दुर्लक्ष होत गेले. २०१२ पासून 'गूगल प्ले सर्व्हिसेस' हा बंदिस्त थर आला. स्थाननिश्चिती, नकाशे, सूचना पाठविणे अशी कामे त्या थरातून होऊ लागली आणि अ‍ॅप लिहिणारे त्याच्यावर विसंबून राहू लागले. परिणामी खुली संहिता घेऊन फोन बनविता येतो, पण त्यावर लोकांना हवी असलेली अनेक अ‍ॅप नीट चालत नाहीत.

करारांनी हे वर्तुळ पूर्ण केले. गूगलची अ‍ॅप पूर्वस्थापित करू इच्छिणाऱ्या उत्पादकाने अँड्रॉइडची वेगळी फोड करणारे फोन काढू नयेत, अशा अटी घालण्यात आल्या. सप्टेंबर २०१२ मध्ये एसर कंपनी अलिबाबाच्या अलियुन या प्रणालीवरील फोन सादर करणार होती. गूगलच्या हरकतीनंतर तो कार्यक्रमच रद्द झाला. संहिता घेण्यास कोणी अडवीत नव्हते. ती घेतल्याची व्यापारी किंमत मात्र कोणत्याही मोठ्या उत्पादकाला परवडणारी नव्हती.

अलीकडच्या काळात या प्रक्रियेने वेग घेतला आहे. मार्च २०२५ मध्ये गूगलने अँड्रॉइडच्या विकासाचे सर्व काम आपल्या अंतर्गत शाखेत करण्याचा निर्णय जाहीर केला. काम चालू असताना बाहेरच्यांना ते पाहण्याची सोय त्यामुळे संपली. जून २०२५ मध्ये अँड्रॉइड १६ ची संहिता आली, परंतु पिक्सेल फोनसाठी लागणारे संहितेचे भाग पूर्वीप्रमाणे तिच्यासोबत आले नाहीत. २०२६ पासून तर संहिता वर्षातून दोनदाच प्रकाशित करण्याचे धोरण सांगण्यात आले. यंत्राच्या स्तरावरही हाच कल दिसतो. फोनवरील मूळ प्रणाली बदलण्यासाठी जे बूटलोडर खुले करावे लागते, ते खुले करण्याची सोय अनेक उत्पादकांनी अवघड केली आहे किंवा काढून घेतली आहे.

वितरणाच्या स्तरावरील सर्वांत मोठा बदल ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झाला. प्रमाणित अँड्रॉइड फोनवर कोणत्याही मार्गाने घेतले जाणारे अ‍ॅप हे गूगलकडे ओळख नोंदविलेल्या विकसकाचेच असले पाहिजे, असा हा नियम आहे. ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड या देशांत सप्टेंबर २०२६ पासून आणि अन्यत्र २०२७ पासून टप्प्याटप्प्याने तो लागू करण्याचे वेळापत्रक देण्यात आले. टीका झाल्यानंतर नोव्हेंबर २०२५ मध्ये जाणकार वापरकर्त्यांसाठी वेगळा मार्ग ठेवण्याचे आणि विद्यार्थी व हौशी विकसकांसाठी मर्यादित खाते देण्याचे आश्वासन कंपनीने दिले. या सवलती स्वागतार्ह आहेत. तरीही मूळ बदल कायम राहतो. पूर्वी जे वापरकर्त्याच्या अधिकारात होते ते आता कंपनीने दिलेल्या सवलतीवर अवलंबून राहणार आहे.

४. मराठी भाषेचा अनुभव

खुलेपणाची चर्चा तंत्रज्ञांपुरती मर्यादित आहे, असा एक समज आढळतो. मराठीचा मोबाइलवरील इतिहास हा समज खोडून काढतो. आरंभीच्या अनेक अँड्रॉइड फोनवर देवनागरी मजकुराच्या जागी रिकाम्या चौकटी दिसत. २०११ च्या अँड्रॉइड ४.० पासून देवनागरी दर्शविण्याची सोय मूळ प्रणालीत आली आणि फोनचा संपूर्ण व्यवहार मराठीतून करण्याची भाषा-निवड २०१४ च्या अँड्रॉइड ५.० मध्ये मिळाली. मधल्या काळात ज्यांना मराठी वाचायचे होते त्यांच्यापैकी काहींनी फोनची मूळ व्यवस्था उघडून त्यात स्वतः फाँट बसविले. यंत्राचा खुलेपणा होता म्हणून भाषेला थांबावे लागले नाही.

कळफलकाचे उदाहरण याहून बोलके आहे. केरळमधील 'स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंग' या गटाने अँड्रॉइडच्या खुल्या कळफलकाची संहिता घेऊन 'इंडिक कीबोर्ड' विकसित केला आणि त्यात मराठीसह अनेक भारतीय भाषांचा समावेश केला. मलयाळम भाषेसाठी काम करणाऱ्यांच्या श्रमाचा लाभ मराठी वापरकर्त्याला विनामूल्य मिळाला, कारण संहिता वाटून घेण्याजोगी होती. ज्या खुल्या कळफलकावर हे काम उभे राहिले त्याच्याकडेच पुढे गूगलचे दुर्लक्ष झाले आणि कंपनीचे लक्ष आपल्या बंदिस्त कळफलकाकडे वळले. आज एखाद्या गटाला वऱ्हाडी बोलीसाठी किंवा गोंडी, कोरकूसारख्या भाषांसाठी असे काम करावयाचे झाल्यास पायाभूत सामग्री पूर्वीइतकी ताजी राहिलेली नाही.

अक्षरवळणाचा प्रश्नही असाच आहे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेचे आणि वर्णलेखनाचे प्रमाणीकरण केले. 'ल' आणि 'श' या अक्षरांची मराठी वळणे त्यात महत्त्वाची होती. मराठी वळणाचे मुक्त परवान्याचे फाँटही उपलब्ध झाले. परंतु सामान्य फोनवर वापरकर्त्याला फाँट बदलता येतो तो उत्पादकाने जेवढी सोय ठेवली असेल तेवढाच. शासनाने ठरविलेले अक्षर नागरिकाच्या स्वतःच्या फोनवर कसे दिसावे, हे अखेर परदेशी कंपनीच्या सोयीवर अवलंबून राहते. यात कोणाचा दुष्ट हेतू शोधण्याचे कारण नाही. लहान भाषिक गरजा मोठ्या कंपनीच्या प्राधान्यक्रमात तळाशी असणारच. म्हणूनच त्या गरजा भागविण्याचे स्वातंत्र्य भाषकांकडे असले पाहिजे.

५. सुरक्षिततेचा युक्तिवाद आणि त्याच्या मर्यादा

बंदिस्तपणाच्या समर्थनार्थ सर्वांत प्रबळ युक्तिवाद सुरक्षिततेचा आहे आणि तो हलक्याने घेता येणार नाही. पीएम-किसानचा हप्ता, वाहनाचा दंड, लग्नपत्रिका अशा नावांनी व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या एपीके फायली उघडल्यामुळे बँक खाती रिकामी झाल्याच्या घटना महाराष्ट्रात वारंवार नोंदल्या गेल्या आहेत. फसविला जाणारा माणूस बहुधा तोच असतो ज्याला फोनची भाषा नीट कळत नाही. इंटरनेटवरून थेट घेतलेल्या अ‍ॅपमध्ये प्ले स्टोअरच्या तुलनेत ५० पटींहून अधिक घातक अ‍ॅप आढळतात, असा गूगलचा दावा आहे. धनजसारख्या गावातील शेतकऱ्याला खुलेपणाच्या नावाखाली लुटारूंच्या हवाली करावे, असे कोणीही म्हणणार नाही.

तथापि या युक्तिवादाच्या तीन मर्यादा लक्षात घेतल्या पाहिजेत. पहिली, अधिकृत दुकान म्हणजे सुरक्षितता नव्हे. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार एप्रिल २०२१ ते जुलै २०२२ या काळात गूगलने आपल्या प्ले स्टोअरवरून २,५०० हून अधिक कर्ज देणारी अ‍ॅप काढून टाकली किंवा स्थगित केली. जबर व्याज आणि धमक्यांनी कर्जदारांना छळणारी अशी अ‍ॅप अधिकृत दारातूनच लोकांपर्यंत पोचत होती. दुसरी, विकसकाची ओळख नोंदविणे आणि अ‍ॅपची संहिता तपासणे या भिन्न गोष्टी आहेत. २०१० पासून कार्यरत असलेले 'एफ-ड्रॉइड' हे मुक्त आज्ञावलीचे भांडार प्रकाशित संहितेवरून स्वतः अ‍ॅप तयार करून देते. ही विश्वासाची अधिक पारदर्शक रीत आहे. परंतु नव्या नियमाने तिचेच अस्तित्व धोक्यात येते, असे या भांडाराच्या चालकांनी सप्टेंबर २०२५ मध्ये स्पष्ट केले. तिसरी मर्यादा अधिकाराची आहे. सर्व विकसकांची नोंद ज्या संस्थेकडे असेल ती स्वतःच त्या बाजारातील सर्वांत मोठी विक्रेती आहे.

येथे पुन्हा बियाण्याचे उदाहरण उपयोगी पडते. घरचे सोयाबीन बियाणे कधी कधी उगवत नाही, ही वस्तुस्थिती आहे. त्यावर कृषी विभागाने घरच्या बियाण्यावर बंदी आणली नाही. गोणपाटावर किंवा कागदावर शंभर दाणे ठेवून उगवणक्षमता कशी तपासावी, हे गावोगाव शिकविले. धोका खरा असताना स्वातंत्र्य काढून न घेता क्षमता देण्याचा हा मार्ग आहे. मोबाइलबाबत असा मार्ग अवघड असेल, अशक्य मात्र नाही.

६. नियामकांची भूमिका

युरोपीय आयोगाने जुलै २०१८ मध्ये अँड्रॉइडसंबंधीच्या अटींबद्दल गूगलला ४.३४ अब्ज युरोंचा दंड केला. २०२२ मध्ये तेथील न्यायालयाने तो ४.१२५ अब्जांपर्यंत कमी केला, परंतु निष्कर्ष बहुतांशी कायम ठेवला. भारतात काही तरुण तक्रारदारांच्या अर्जावरून भारतीय स्पर्धा आयोगाने २०१९ मध्ये चौकशीचा आदेश दिला आणि २० ऑक्टोबर २०२२ रोजी १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. दंडापेक्षा त्यासोबतचे निर्देश अधिक महत्त्वाचे होते. अन्य अ‍ॅप-दुकानांना प्ले स्टोअरमधून वितरित होऊ द्यावे, अ‍ॅप थेट घेण्याच्या मार्गात अडथळे आणू नयेत, पूर्वस्थापित अ‍ॅप काढू द्यावीत आणि प्ले सर्व्हिसेसची दारे इतरांना नाकारू नयेत, असे आयोगाने म्हटले होते.

राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने २९ मार्च २०२३ रोजी दंड कायम केला, मात्र नेमके हेच चार निर्देश रद्द केले. दंड ही कंपनीच्या दृष्टीने हिशेबातील एक रक्कम असते. निर्देशांमुळे रचना बदलली असती. आयोगाच्या आदेशातील जो भाग वापरकर्त्याच्या हातात काही देणारा होता तोच गळून पडला, ही या निकालाची मर्यादा म्हणावी लागेल. पुढे १ मार्च २०२४ रोजी शुल्काच्या वादातून भारत मॅट्रिमनी, नोकरी यांसारखी भारतीय कंपन्यांची लोकप्रिय अ‍ॅप प्ले स्टोअरवरून काढण्यात आली आणि केंद्र सरकारच्या हस्तक्षेपानंतर परत आली. मोठ्या कंपन्यांसाठी मंत्री बैठक घेतात. तालुक्याच्या गावात अ‍ॅप लिहिणाऱ्या विद्यार्थ्यासाठी ती कोण घेणार, हा प्रश्न उरतोच.

७. पर्यायांचा शोध : भारतातील प्रयत्न

पर्यायांचा शोध भारतात झालाच नाही, असे नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये इंटेक्स कंपनीने मोझिलाच्या फायरफॉक्स प्रणालीवरील 'क्लाऊड एफएक्स' हा फोन १,९९९ रुपयांत आणला. संपूर्ण संहिता खुली, किंमत अल्प, अशी ही दुर्मीळ जोडी होती. परंतु लोकांना हवी ती अ‍ॅप त्यावर नव्हती आणि डिसेंबर २०१५ मध्ये मोझिलाने स्मार्टफोनचा प्रयत्न थांबविला. २०१६ मध्ये याच इंटेक्सने फिनलंडच्या सेलफिश प्रणालीवरील 'ॲक्वा फिश' आणला. तोही टिकला नाही. २०१४ च्या अखेरीस मायक्रोमॅक्सने सायनोजेन या अँड्रॉइडच्या स्वतंत्र आवृत्तीचे भारतातील एकाधिकार मिळविले आणि त्यावरून वनप्लस कंपनीशी दिल्ली उच्च न्यायालयात वाद झाला. समूहाने घडविलेल्या आज्ञावलीच्या नावावर एकाधिकाराचा दावा व्हावा, हा विरोधाभास लक्षणीय होता.

फायरफॉक्स प्रणालीच्या संहितेतून पुढे कायओएस निर्माण झाली आणि २०१७ मध्ये जिओफोनच्या रूपाने ती महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोचली. दीड हजार रुपयांच्या परताव्याच्या ठेवीवर मिळणाऱ्या या फोनने अनेकांना प्रथमच इंटरनेट दिले. तथापि तो एकाच कंपनीच्या जाळ्यावर चालणारा होता आणि त्याचे अ‍ॅप-दुकानही बंदिस्त होते. २०१८ मध्ये आलेल्या व्हॉट्सअ‍ॅपने त्याची उपयुक्तता वाढविली. २०२४ मध्ये कायओएसवर व्हॉट्सअ‍ॅप नव्याने घेणे बंद झाले आणि २०२५ च्या आरंभी आधीच्या वापरकर्त्यांसाठीही ते थांबले. खुल्या संहितेतून जन्मलेला पर्याय एका खासगी सेवेच्या निर्णयाने दुबळा झाला.

महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रयोग 'इंडस ओएस' हा होय. मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या राकेश देशमुख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अँड्रॉइडच्या संहितेवर भारतीय भाषांना केंद्रस्थानी ठेवणारी ही प्रणाली उभारली आणि २०१५ पासून मायक्रोमॅक्सच्या फोनवरून ती लोकांपर्यंत गेली. मराठीसह प्रादेशिक भाषांतील कळफलक, एका बोटाने भाषांतर व लिप्यंतर, स्वतःचे अ‍ॅप-दुकान अशा सोयी तिच्यात होत्या. इंग्रजी न जाणणारा माणूस हाच मुख्य ग्राहक मानून केलेली ही रचना होती. पुढे चिनी कंपन्यांच्या स्वस्त फोनपुढे भारतीय उत्पादकांचा बाजार ओसरला आणि त्यांच्या आधारावर उभ्या असलेल्या प्रणालीचाही पाया खचला. कंपनी फोनपेकडे गेली आणि तिच्या वारशातून २१ फेब्रुवारी २०२४ रोजी 'इंडस अ‍ॅपस्टोअर' सुरू झाले. प्रणालीचे दुकान झाले, एवढाच या प्रवासाचा अर्थ लावणे अन्यायाचे ठरेल, कारण दुसरे दुकान असणे हीही स्पर्धेची गरज आहे. पण दुसरे दुकान म्हणजे खुलेपणा नव्हे, हेही विसरता येत नाही.

जानेवारी २०२३ मध्ये मद्रास आयआयटीच्या परिसरात विकसित झालेली 'भारओएस' सादर झाली. पूर्वस्थापित अ‍ॅपची सक्ती नसणे हे तिचे वैशिष्ट्य सांगण्यात आले आणि गोपनीयतेची कठोर गरज असणाऱ्या संस्थांसाठी ती असल्याचेही स्पष्ट करण्यात आले. सामान्य ग्राहकापर्यंत पोचणे हा तिचा आरंभीचा हेतू नव्हता. तिच्याभोवती झालेली चर्चा मात्र 'स्वदेशी' या शब्दाभोवतीच फिरली. स्वदेशी आणि खुले हे समानार्थी शब्द नाहीत. कुंपण परदेशी असो वा देशी, आत असणाऱ्याच्या दृष्टीने ते कुंपणच असते. दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्व नव्या फोनवर 'संचार साथी' अ‍ॅप पूर्वस्थापित करण्याचे निर्देश दिले आणि टीकेनंतर ३ डिसेंबर रोजी ती सक्ती मागे घेतली, हा प्रसंग या दृष्टीने बोधप्रद आहे.

याखेरीज लिनिएजओएस, ई-ओएस, ग्राफीनओएस, उबंटू टच, पोस्टमार्केटओएस असे समूहाने चालविलेले पर्याय उपलब्ध आहेत. कंपनीने अद्यतने देणे थांबविलेल्या जुन्या फोनचे आयुष्य त्यांमुळे वाढू शकते आणि ग्रामीण भागात, जेथे फोन घरातल्या घरात हस्तांतरित होत राहतो, त्याचे मोल मोठे आहे. मात्र ठराविक मॉडेललाच मिळणारा आधार, ग्राफीनओएसच्या बाबतीत तर केवळ पिक्सेलसारखे महागडे फोन, आणि बसविण्यासाठी लागणारे इंग्रजीतील तांत्रिक ज्ञान, या त्यांच्या मर्यादा आहेत.

८. निर्णायक घटक : सार्वजनिक सेवांची रचना

वरील प्रयत्नांच्या अपयशात एक समान धागा आढळतो. प्रणाली वाईट होत्या म्हणून त्या मागे पडल्या नाहीत. लोकांना अत्यावश्यक असलेल्या सेवा त्यांच्यावर चालत नव्हत्या, हे त्यांच्या पिछाडीचे एक मोठे कारण होते. या अडचणीचे आजचे रूप अधिक गंभीर आहे. फोन 'प्रमाणित' आहे की नाही हे गूगलच्या यंत्रणेला विचारून मगच चालू होणारी बँक व देयक अ‍ॅप वाढत आहेत. एखाद्याने जुन्या फोनवर अद्ययावत आणि अधिक सुरक्षित मुक्त प्रणाली बसविली तरी तो अशा तपासणीत अनुत्तीर्ण ठरू शकतो. अद्यतने थांबलेला, पण मूळ प्रणालीवरील फोन मात्र तीच तपासणी उत्तीर्ण होऊ शकतो. ही तपासणी सुरक्षिततेपेक्षा आज्ञाधारकतेची अधिक आहे.

खासगी सेवेला अशी अट घालण्याचे स्वातंत्र्य मानता येईल. सार्वजनिक सेवेचे तसे नाही. सातबाऱ्यावरील नोंद ही नागरिकाच्या हक्काशी निगडित बाब आहे. ती करण्यासाठी परदेशी कंपनीचे खाते, तिचे दुकान आणि तिने प्रमाणित केलेले यंत्र ही अप्रत्यक्ष पूर्वअट बनू नये. ई-पीक पाहणीत एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते आणि शेतकऱ्यांची मुदत संपल्यावर उरलेल्या नोंदीसाठी सहायकांची तरतूद आहे. या सोयी फोन नसलेल्यांचा विचार करणाऱ्या आहेत, हे मान्य केले पाहिजे. परंतु वेगळा फोन वापरू इच्छिणाऱ्यांचा विचार त्यापुढचा आहे.

अशा रचनेची उदाहरणे भारतातच आहेत. यूपीआय देयके स्मार्टफोनविना करता यावीत म्हणून *९९# ही सेवा आहे आणि मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने साध्या फोनसाठी 'यूपीआय १२३पे' सुरू केली. सेवा ही नियमावलीच्या स्वरूपात खुली असेल तर ती कोणत्याही यंत्रावर पोचू शकते, हे यातून सिद्ध होते. २ एप्रिल २०२० रोजी आलेल्या 'आरोग्य सेतू' अ‍ॅपच्या अँड्रॉइड आवृत्तीची संहिता टीकेनंतर २६ मे २०२० रोजी प्रकाशित करण्यात आली. शासकीय अ‍ॅपची संहिता खुली केल्याने आकाश कोसळत नाही, हे त्या वेळी दिसले. केंद्र सरकारने २०१५ मध्येच मुक्त स्रोत आज्ञावलीच्या स्वीकाराचे आणि शासकीय आज्ञावलींची संहिता खुली करण्याचे धोरण जाहीर केले आहे. सी-डॅकच्या मुंबई केंद्राने 'मोबाइल सेवा' या उपक्रमात शासकीय अ‍ॅपसाठी स्वतंत्र भांडारही उभारले. धोरण आहे, साधने आहेत. त्यांचा आग्रहाने वापर होत नाही, ही उणीव आहे.

९. निष्कर्ष

या चिकित्सेतून पुढील निष्कर्ष निघतात. (१) अँड्रॉइडचा परवाना खुला असला तरी सेवांचा बंदिस्त थर, करार, बूटलोडरवरील निर्बंध आणि विकसक-नोंदणी यांमुळे तिन्ही स्तरांवरील प्रत्यक्ष खुलेपणा घटला आहे. (२) या घटीची सर्वाधिक किंमत लहान भाषा, जुने फोन वापरणारे आणि स्थानिक विकसक यांना मोजावी लागते. (३) फसवणुकीचा धोका खरा आहे, परंतु त्यावरील उपाय वापरकर्त्याची क्षमता वाढविणारा असावा, त्याचा अधिकार संपविणारा नसावा. (४) भारतीय पर्यायांच्या मागे पडण्यात तांत्रिक उणिवांपेक्षा सेवांच्या अनुपलब्धतेचा वाटा मोठा आहे. (५) 'स्वदेशी' हा खुलेपणाचा पर्यायवाची शब्द नाही.

यावरून काही सूचना करता येतात. सार्वजनिक निधीतून बनलेल्या प्रत्येक अ‍ॅपची संहिता प्रकाशित व्हावी. त्याची अधिकृत फाइल शासनाच्या स्वतःच्या भांडारातूनही मिळावी, म्हणजे खरी फाइल कोठे आहे हे कळल्याने बनावट एपीकेचा धोकाही घटेल. प्रत्येक शासकीय सेवेला साध्या संकेतस्थळाचा किंवा आपले सरकार सेवा केंद्राचा समान दर्जाचा मार्ग असावा. फोनच्या प्रमाणीकरणाची अट घालणाऱ्या बँकांनी तिची कारणे जाहीर करून पर्यायी पडताळणी द्यावी. तालुका पातळीवरील महाविद्यालयांनी संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून जुन्या फोनवर मुक्त प्रणाली बसविण्याचे आणि मुक्त अ‍ॅपच्या मराठीकरणाचे उपक्रम घ्यावेत. प्रयोगशाळेच्या खर्चाच्या मानाने हा खर्च नगण्य आहे.

वाशीमची गणना २०१८ पासून आकांक्षित जिल्ह्यांत होते. अशा जिल्ह्याच्या विकासाचे मोजमाप किती हातांत स्मार्टफोन आले यावर थांबू नये. तो फोन धनजच्या शेतकऱ्याच्या खिशात असताना त्याच्यावर अधिकार कोणाचा चालतो, हेही त्या मोजमापात यावयास हवे.